स्टेपनीतल्या चार पेंढ्या

स्टेपनी ही अशी वस्तू आहे, की तिचं काम कधी पडू नये म्हणून माणूस तिला जन्मभर वाहत राहतो. घरातल्या काही माणसांबद्दलही असं लिहिता येईल, पण दिवाळीला मला घरी जायचं आहे, म्हणून टायरबद्दलच लिहितो.

मी तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वय सत्तावीस. वर्गातली पोरं मला मामा म्हणतात आणि नवे प्राध्यापक पहिल्या दिवशी मला बघून खुर्चीतून अर्धे उठतात. बारावीला एकदा आपटलो आणि त्यानंतरची सहा वर्षं नांदूरघाट फाट्यावर बन्सी मिस्त्रींच्या वेल्डिंग वर्कशॉपमध्ये काढली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील दोनशे मेंढरं नुसत्या नजरेनं मोजतात, एखादं कमी असलं तर कोणतं तेही सांगतात, पण एसटीची पाटी त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते. मराठीच्या सरांनी कॉलेजच्या अंकासाठी "तुझा संघर्ष लिही" म्हणून सांगितलं. मी दोन दिवस वहीसमोर बसलो. संघर्ष म्हणावा असं काही आठवेना, सारखी एक स्टेपनीच आठवत राहिली. भाषेत चुकलं तर सरांनी दुरुस्त करावं. वेल्डिंगमध्ये जे चुकलं ते तसंच ठेवावं.

आधी धंदा सांगतो. मोटारीची स्टेपनी डिकीत लपून बसते. जीपला डिकी नसते, म्हणून ती मागच्या दाराला लटकवतात. कंपनीनं दिलेला टायर असेपर्यंत दार ते निभावतं. पण आमच्याकडे नवी जीप घेतली की आठ दिवसांत मालकाला वाटायला लागतं, की आपल्या हुद्द्याच्या मानानं चाकं बारीक आहेत. मग तो डोंगरात चालवायचे मोठे, दातेरी टायर बसवतो. चार खाली आणि पाचवा मागं. हा पाचवा रिमसकट उचलायला दोन माणसं लागतात. आमच्या भागात डोंगर नाहीत असं नाही, पण या टायरांचा बहुतेक चढउतार पंचायत समितीच्या आवारातच होतो.

दार पत्र्याचं, त्याला बिजागऱ्या दोन. महिन्याभरात दार खाली बसतं, कडी लागत नाही, बिजागरीजवळ पत्रा फाटतो आणि गाडी खड्ड्यातून गेली की मागून भांडी आपटल्यासारखा आवाज येतो. गिऱ्हाइकाला हे समजावं म्हणून मिस्त्री त्याच्या हातात पाण्यानं भरलेली बादली द्यायचे.

"धरा छातीशी. जड हाय का?"

"न्हाई."

"आता हात लांब करून धरा."

गिऱ्हाईक हात लांब करायचं आणि त्याचं तोंड वाकडं व्हायचं. "हे तुमच्या दाराचं तोंड," मिस्त्री म्हणायचे. अकरावीच्या पुस्तकात याचं एक सूत्र आहे. मला ते पाठ होतं आणि कळलेलं नव्हतं. मिस्त्रींना कळलेलं होतं आणि पाठ नव्हतं. दुष्काळ पडल्यावर त्यांनी बादलीत पाण्याऐवजी जुने नट-बोल्ट भरायला सुरुवात केली.

यावर खरा इलाज एकच. टायरचा भार दाराला द्यायचाच नाही. गाडीच्या खालच्या सांगाड्याला, म्हणजे चासीला, एक जाड खांब जोडायचा, त्यात बेअरिंग बसवायचं, बेअरिंगवर दारासारखा फिरणारा हात आणि त्या हातावर टायर. हात बाजूला सरकवला की दार मोकळं. बेअरिंग आम्ही परळीच्या वीज केंद्राच्या भंगारातून आणायचो. वरून राखेनं माखलेली असायची, घासली की आतून आरशासारखी निघायची. या कामाला तीन दिवस लागतात, आणि तीन दिवस गाडीशिवाय राहायचं म्हटलं की आमच्याकडच्या माणसाला सुतकात बसवल्यासारखं होतं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक वडापवाला आला. त्याला स्टँड पाहिजे होता, पण टायर नको होता.

"मंग स्टँड कशाला?" मिस्त्रींनी विचारलं.

"तीन माणसं उभी ऱ्हायली पायजेत त्याच्यावर. आठवडी बाजाराला चार."

मिस्त्रींनी त्याला बादली न देताच हाकलला. दुसरा एक ऊसतोडीचा मुकादम. तो मोटारसायकलवर मागं भलामोठा टायर बांधून आला आणि म्हणाला, याच्या मापाचा स्टँड बनवा. मी टेप घेऊन बाहेर गेलो, तर जीप कुठंच दिसेना.

"गाडी कुठंय मुकादम?"

"गाडी पुढच्या हंगामाला. टायर आधी भेटला."

तो स्टँड दोन हंगाम आमच्या भिंतीला टेकून होता. मिस्त्री त्याच्यावर टॉवेल वाळवायचे.

आता चेअरमनसाहेब. नाव लिहीत नाही. आमच्या भागात हाक मारली तर चारदोन चेअरमन तरी वळून बघतील, ज्याला वाटेल त्यानं अंगावर घ्यावं. हे दूध संघाचे. त्या साली पाऊस असा झाला, की छत्र्यांना बुरशी आली नाही. गाईम्हशी आटल्या. संघाच्या टाक्या कोरड्या पडल्या, पण संघ आटला नाही. संघानं नांदूरघाटच्या अलीकडे माळावर जनावरांसाठी चारा छावणी उघडली आणि उन्हाळ्यानंतर संघाची निवडणूक होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही असं साहेब प्रत्येक भाषणात सांगायचे, म्हणून सगळ्यांना तो कळला.

साहेबांच्या जीपला मोठे टायर आले, आणि स्टेपनीवर घालायला रेक्झिनचं गोल कव्हर आलं. कव्हरवर साहेबांचा चेहरा. चेहरा मुळातच गोल, त्यामुळे तो कव्हरमध्ये असा बसला की जणू टायर बघूनच घडवला होता. हसरा, हात न जोडलेला, कारण हाताला जागा नव्हती. छावणीच्या उद्घाटनाला स्टेपनीपुढं नारळ फुटला आणि हार चढला. साहेबांचा ड्रायव्हर महादूभाऊ, साधा, भाविक माणूस. त्यानं त्या दिवसापासून एक नेम धरला. स्टेपनी खाली काढायची नाही.

"साहेबांचं तोंड धुळीत ठेवायचं व्हय रे?" तो म्हणायचा. पंक्चर झालं तर तो जॅक लावून तिथंच चाक खोलायचा, येणाऱ्याजाणाऱ्याच्या मोटारसायकलवर पंक्चरवाल्याकडे पाठवायचा आणि परत येईपर्यंत गाडीच्या सावलीत बसायचा. पाठीशी चांगली स्टेपनी असून. हसू नका. आमच्याकडे पुढाऱ्याच्या फोटोवरून ओलांडून जाताना चप्पल काढणारी माणसं मी बघितली आहेत.

चेहरा मागच्या गाड्यांना लांबून दिसावा म्हणून साहेबांनी तो हातभर वर आणि वीतभर मागं काढून बसवायला लावला. म्हणजे बादली आणखी लांब. दार तीन महिन्यांत तीनदा फाटलं. तीनदा मी पट्टी मारली. तिसऱ्या वेळी मिस्त्री स्वतः साहेबांना म्हणाले, "साहेब, गाडी तीन दिवस ठिवा. चासीवरून स्टँड करून देतो. जन्मभर बघायचं काम न्हाई."

"तीन दिवस? बन्सी, मी तीन दिवस दिसलो न्हाई तर लोक मला मेला म्हणतील. उद्या सकाळी दे."

साहेब गेले. मिस्त्रींनी फाटलेल्या दाराकडे बघितलं आणि मला विचारलं, "काय करावं बे सोपान्या?"

मी म्हणालो, "मिस्त्री, टायर कोण बघतंय? लोक तोंड बघत्यात."

 मिस्त्रींनी बिडी पेटवली आणि पाठ करून बसले. आमच्या वर्कशॉपात याचा अर्थ परवानगी असा होता.

मी अर्धा इंची पाइपाची दोन कडी वाकवली, मध्ये सळ्यांचे तुकडे जोडून टायरएवढा पिंजरा केला. नुसत्या पिंजऱ्यावर कव्हर घातलं तर साहेबांचे गाल बसले. पोती कोंबली तर हनुवटी लोंबायला लागली. मग मिस्त्रींच्या गाईसाठी मागं रचलेल्या कडब्यातल्या चार पेंढ्या घेतल्या, कापल्या, सुतळीनं आवळून गच्च भरल्या आणि वरून गोणपाट शिवलं. शाळूचा कडबा, टणक. आमच्याकडे घोड्याच्या खोगिरात गवत भरायचं काम मी लहानपणापासून केलेलं, त्यामुळे हात बसलेला होता. कव्हर चढवलं आणि साहेब पूर्वीपेक्षा तरणे दिसायला लागले. सगळं वजन एका हातानं उचललं जात होतं. दार खुशीत उघडत होतं.

तेव्हा पौष होता. चार पेंढ्यांना कोणी विचारत नव्हतं.

माझा विचार असा होता, की आठ दिवसांत साहेबांना सवड मिळेल, मग चासीवरचा स्टँड करू आणि खरा टायर चढवू. खरा टायर मी आतल्या कोपऱ्यात ठेवला. महादूभाऊला सांगायचं ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी साहेब आले, दार दोनदा उघडून लावलं आणि मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "याला म्हणत्यात कारागीर." इतक्या कौतुकानंतर खरं सांगायचं म्हणजे जेवून उठल्यावर ताटात थुंकल्यासारखं झालं असतं. मी गप्प बसलो. आठ दिवसांचे चार महिने झाले. त्या टायरवर बसून मी बारावीचा अभ्यास केला. पास झालो तो त्यावर बसूनच.

चैत्र सरला तेव्हा आमचं घर तीन ठिकाणी होतं. वडील मेंढरं घेऊन दिंद्रुडच्या पुढं, धरणाच्या अंगाला गेले होते. मी वर्कशॉपात. आई छावणीत, आमच्या एकुलत्या एक म्हशीजवळ. छावणीत मेंढरांना घेत नव्हते, म्हशीला घेतलं. आईच्या दावणीला लागून गेनबा आबांची दावण होती. आबा सत्तरीचे, एकटे, बरोबर एकच बैल, चांद्या. कपाळावर पांढरा ठिपका. जोडीतला दुसरा आदल्या वर्षी गेला होता. मी आईला भेटायला गेलो की आबा मला चहा पाजायचे आणि म्हणायचे, "कालेजात गेल्यावर आमाला वळखशील का रे?"

एका दुपारी छावणीतल्या पाण्याच्या टाकीचा स्टँड तुटला म्हणून मिस्त्रींनी मला पाठवलं. महादूभाऊ जनावरांच्या डॉक्टर मॅडमना घेऊन तिकडेच निघाला होता, मी हत्यारांची पिशवी घेऊन मागं बसलो. फाटा सोडला आणि महादूभाऊचा फोन वाजला. छावणीतून होता. दोन दिवस चाऱ्याचा ट्रक आला नव्हता. सकाळी कोणीतरी विहिरीच्या कडेची हिरवी ज्वारी कापून आणली, कोवळी, पाण्यावाचून खुरटलेली, आणि उपाशी जनावरांपुढं टाकली. अशा ज्वारीत विष असतं. आमच्याकडे त्याला किराळ लागणं म्हणतात. सात जनावरं थरथरत होती.

"कोणाकोणाची?" मी विचारलं.

महादूभाऊनं नावं सांगितली. गेनबा आबांचा चांद्या त्यात होता. आणि आमची म्हैस.

मॅडम म्हणाल्या, "माझ्याकडे इंजेक्शन आहे. किराळीत वेळ फार कमी मिळतो. चला."

महादूभाऊनं गाडी सोडली. सहा किलोमीटर राहिलेले असताना, उतारावर फुटलेल्या रस्त्याच्या धारदार कडेनं पुढचा डावा टायर बसला. खाली उतरून बघितलं. टायर कडेला फाटून आत ट्यूब चिरली होती, पंक्चर काढण्यापलीकडे. उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ओढ्याच्या खोलगटात फोनला रेंज नव्हती.

महादूभाऊ स्टेपनीसमोर जाऊन उभा राहिला. त्यानं चप्पल काढली, हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, माफ करा. आज तुमाला खाली घ्यावं लागतंय."

मी म्हणालो, "महादूभाऊ, थांबा."

"थांबायला टाइम न्हाई."

"त्याच्यात टायर न्हाई."

"काय न्हाई?"

"टायर. कडबा हाय."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे, मग परत माझ्याकडे. "कवापून?"

"पौषापून."

"म्हंजे मी चार महिने कडब्याला नमस्कार करू लागलोय?"

मॅडमना हे आधी कळेना. कळलं तेव्हा त्या ओरडल्या नाहीत, याचं मला फार वाईट वाटलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, "चालत किती लागेल?"

"या उन्हात सवा तास."

मी त्या फाटक्या टायरकडे बघत होतो. माझ्या डोक्यात खोगीर आलं. चामड्याच्या पिशवीत गवत गच्च भरलं की ती घोड्याच्या पाठीवर माणसाचं वजन पेलते. टायर म्हणजे तरी काय, रबराचं खोगीर.

"मॅडम, कडबा टायरमध्ये भरू. हळू गेलं तर जाईल."

"जाईल?"

"मला नक्की माहीत न्हाई."

"माहीत असलेला माणूस इथं कोणी आहे का?" त्यांनी विचारलं. कोणी नव्हता. "मग भरा."

महादूभाऊनं जॅक लावला. मी चाक खोललं, दोन लोखंडी टाम्यांनी टायरची कड रिमवरून उचलली, ट्यूब ओढून काढली. मॅडमनी साहेबांचं कव्हर रस्त्याकडेला पसरलं आणि चाकाचे नट त्यावर ठेवायला सुरुवात केली.

महादूभाऊ कळवळला. "मॅडम, साहेबांचा चेहरा हाय त्यो."

"म्हणून तर स्वच्छ आहे. दुसरं कुठं ठेवलं तर मातीत हरवतील." त्यांनी पाचही नट साहेबांच्या कपाळावर ओळीनं मांडले.

पिंजऱ्याचं गोणपाट फाडलं. चार महिन्यांत कडब्याला काही झालं नव्हतं, उलट साहेबांच्या सावलीत चांगला राहिला होता. मी मोडून द्यायचो, महादूभाऊ कोंबायचा, हातोडीच्या दांड्यानं मी ठोकायचो. दोघांच्या हाताला सालपटं निघाली. मॅडमही शेवटी खाली बसून कोंबायला लागल्या. महादूभाऊ दर थोड्या वेळानं एकच वाक्य म्हणत होता, "कावून सांगितलं न्हाईस बे?" मी आणखी जोरानं ठोकायचो. टायरची कड परत बसवून चाक चढवलं तेव्हा पाऊण तास गेला होता. एवढ्यात निम्म्याहून जास्त वाट चालून झाली असती. पण सगळे सहा किलोमीटर आम्ही वीस मिनिटांत तोडणार होतो, असा हिशेब मी मनाशी सारखा करत होतो आणि तो सारखा चुकत होता.

गाडी निघाली. सायकलपेक्षा थोडी जोरात. डाव्या बाजूनं कुरकुर आवाज येत होता आणि फाटलेल्या जागेतून कडबा बाहेर डोकावत होता. महादूभाऊनं कव्हर घडी न घालता मांडीवर घेतलं होतं. साहेब वर बघून हसत होते.

छावणीत शिरलो तसा एका उपाशी खोंडानं चाकाला तोंड लावलं आणि चालत्या गाडीतून कडबा ओढला. मग दुसऱ्यानं. लोक कामं टाकून बघायला लागले. एक जण म्हणाला, "आरं, चेरमनची गाडी चारा हागायला लागली." सात जनावरं मरणाला टेकलेली असताना त्या माळावर हसू फुटलं. मीही हसलो होतो, हे कबूल करतो.

आमची म्हैस उभी होती. लाळ गळत होती, पण उभी होती. आईच्या हातात बांबूची नळी होती आणि पातेल्यात गूळपाणी. तिनं ते म्हशीला पाजलं होतं, शेजारच्या तीन जनावरांनाही पाजलं होतं, मग गूळ संपला.

"लवकर आलास रं," आई म्हणाली. टोमणा होता की नाही ते मला आजही सांगता येत नाही.

मॅडमनी एकेकाला इंजेक्शनं दिली. सातातली सहा वाचली. चांद्या आम्ही पोचायच्या आधीच आडवा झाला होता. आबा त्याच्या डोक्याशी बसून कपाळावरचा पांढरा ठिपका धोतराच्या सोग्यानं पुसत होते. मी मॅडमना बाजूला घेऊन विचारलं, "अर्ध्या तासानं फरक पडला असता का?"

"काही सांगता येत नाही," त्या म्हणाल्या, आणि सुई पुसायला लागल्या. सुई आधीच पुसलेली होती.

दोन दिवसांनी साहेब वर्कशॉपात आले. मिस्त्री उठून उभे राहिले. मी पुढं झालो आणि सगळं माझ्यावर घेतलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं.

"किती दिवस बे माझ्या थोबाडामागं गवत व्हतं?"

"चार महिने, साहेब."

"अन् कुणाला कळालं न्हाई?"

"न्हाई."

साहेबांनी जरा विचार केला. "मंग तसंच भर परत. दाराला तरास न्हाई, हलकं हाय."

मी मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्री सहा वर्षांत गिऱ्हाइकासमोर कधी बसून बोलले नव्हते. ते स्टुलावर बसले. "साहेब, आता खरंच करू. तीन दिवस लागतील. न्हाईतर दुसरीकडं बघा."

साहेब दुसरीकडे बघायला निघाले, फाट्यावर दुसरं वर्कशॉप नाही हे आठवून परत फिरले आणि गाडी सोडून मोटारसायकलवर मागं बसून गेले. तीन दिवस दिसले नाहीत. कोणी त्यांना मेला म्हटलं नाही, कारण कोणाच्या लक्षातच आलं नाही.

तो स्टँड माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम. जाड पाइपाचा खांब, परळीचं बेअरिंग, टायर खाली, दाराच्या मध्याशी, गाडीला चिकटून. हात असा फिरतो, की म्हातारं माणूस एका बोटानं सरकवेल. कव्हर महादूभाऊनं परत चढवलं नाही. ते त्यानं आपल्या घरी कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलं आहे, चेहरा वरच्या बाजूला करून. साहेब निवडून आले, ते माझ्या स्टँडमुळे नाही एवढं नक्की.

एक काम राहिलं होतं. आठ दिवस मी टाळलं. मग मिस्त्रींनीच म्हटलं, "जा की बे. आबा तुला खातेत व्हय?"

छावणीत गेलो. आबांची दावण मोकळी होती, पण ते घरी गेले नव्हते. घरी काय करायचं म्हणून तिथंच राहिले होते, दुसऱ्यांची जनावरं पाण्यावर नेत होते. त्यांनी मला चहा दिला. मी सांगायला लागलो. फाटलेलं दार, पिंजरा, साहेबांचे गाल, ओढ्यातलं पंक्चर, पाऊण तास. गाडीत खरी स्टेपनी असती तर आम्ही लवकर पोचलो असतो, असं म्हणालो. उशीर माझ्यामुळे झाला आबा, असं म्हणालो. हे वाक्य मी फाट्यापासून घोकत आलो होतो.

आबांनी चहा संपवला. कप पालथा ठेवला.

"किती व्हता कडबा?"

"चार पेंढ्या."

"शाळूचा?"

"शाळूचा."

त्यांनी मोकळ्या खुंट्याकडे बघितलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, बाजारात एखाद्या वस्तूची चौकशी करावी तसा आवाज होता.

"चार पेंढ्या म्हंजे चांद्याचे दोन दिस निघाले असते. पोटात वाळली वैरण असती, तर त्यानं त्या हिरव्याला तोंड लावलं नसतं."